धूर डोळ्यांत न जाऊ देता बातमी कशी करावी

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या प्रदूषणावर लिहायचं म्हणता? जरूर लिहा. फक्त एक पथ्य पाळा: तिथल्या माणसांचं बोलणं पुरावा म्हणून धरायचं नाही. नळाला घाण पाणी येतं, अंगावर पुरळ उठतं, असं लोक सांगतील. मान डोलवा, वहीत टिपून घ्या आणि त्यापुढे ‘रहिवाशांचा दावा’ एवढं जोडा.

मिशिगनमधलं फ्लिंटच घ्या. 2014 मध्ये लाखभर वस्ती, निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी फ्लिंट नदीवरून घेतलं. ते नळांना गंज आणणारं होतं, गंज रोखणारं रसायन काही त्यात घातलं नाही, आणि जुन्या नळांतलं शिसं थेट पेल्यात उतरलं. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना गेले. पाणी पिण्यायोग्य आहे, हे साहेबांचं पालुपद सुरूच होतं. इथे घाई करून बाटलीचा फोटो पहिल्या पानावर चढवू नका. जरा दम धरा, भरवशाचा साक्षीदार वाटेत आहे. ऑक्टोबर 2014 मध्ये जनरल मोटर्सच्या तिथल्या कारखान्याने कळवलं की या पाण्याने इंजिनाचे भाग गंजताहेत. कारखान्याला दुसरं पाणी मिळालं. माणसांना जुनं पाणी परत मिळायला ऑक्टोबर 2015 उजाडलं. बरोबरच आहे, इंजिन कधी कांगावा करत नाही.

कोणी आकडे काढलेच, तर ‘योगायोग’ हा शब्द हाताशी ठेवा. रॉबर्ट बुलार्ड या समाजशास्त्रज्ञाने 1979 मध्ये ह्यूस्टनचे कचरा डेपो नकाशावर मांडले. महापालिकेच्या मालकीचे पाचच्या पाच डेपो कृष्णवर्णीय वस्त्यांत निघाले आणि शहरात हे लोक होते जेमतेम पाव. एवढा नेमका योगायोग घडवून आणायला किती बैठका घ्याव्या लागल्या असतील, हे मात्र विचारू नका.

उन्हाळ्याची बातमी सोपी. फवाऱ्याखाली नाचणारी पोरं दाखवा, झालं. 1930 च्या दशकात सरकारी नकाशांवर कर्ज देण्यास धोकादायक म्हणून लाल रंगवलेल्या वस्त्याच (कृष्णवर्णीय वस्त्या त्यात हमखास असत) आज शेजारच्या भागांपेक्षा जास्त तापतात, कारण तिथे झाडं कमी आणि डांबर फार. पण हे सांगायला गेलात तर नकाशा छापावा लागेल, जागा जाईल.

फोटोओळीचं मात्र कसब लागतं. 2005 मध्ये कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्स बुडालं, तेव्हा छातीभर पाण्यातून सामान घेऊन जाणाऱ्यांचे दोन फोटो दोन वृत्तसंस्थांनी दिले. तरुण कृष्णवर्णीय होता, म्हणून त्याने किराणा दुकान ‘लुटलं’ होतं. जोडपं गोरं होतं, त्यांना पाव आणि सोडा ‘सापडला’ होता. वाण्याचा पाव तोच, पण क्रियापद कसं निवडून लावलंय बघा!

आणि फोटो कापताना कात्री धारदार हवी. जानेवारी 2020 मध्ये दावोसला हवामानबदलावर बोलायला आलेल्या पाच तरुणींचा फोटो निघाला. कडेला युगांडाची वनेसा नकाते होती. वृत्तसंस्थेने पाठवलेल्या फोटोत उरल्या चौघी, चौघीही गोऱ्या. मागची इमारत नजरेला खुपत होती, असा खुलासा आला. तुम्हीही इमारतीवर नजर ठेवा. ती नेमकी कोणाच्या मागे उभी राहते, ते अनुभवाने कळतं.

लुइझियानात गेलात तर बॅटन रूज ते न्यू ऑर्लिन्स नदीकाठाने जा. सुमारे 85 मैलांत दीडशेच्या आसपास रसायन कारखाने आणि रिफायनऱ्या. लोक या पट्ट्याला ‘कॅन्सर ॲली’, म्हणजे कॅन्सरची गल्ली म्हणतात. तुम्ही ‘औद्योगिक पट्टा’ म्हणा. रिझर्व्ह गावाजवळ निओप्रीन रबराचा कारखाना दिसेल. त्याच रबराची लॅपटॉपची पिशवी कदाचित तुमच्याच खांद्याला असेल. 2025 पर्यंत तिथे ते बनवताना क्लोरोप्रीन हे रसायन हवेत सुटायचं, आणि त्याने कॅन्सर होण्याची शक्यता आहे हे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 2010 मध्येच सांगितलंय. मग शेजाऱ्यांच्या आहाराची, सिगारेटची आणि आजोबांच्या आजारांची कसून चौकशी करा. चिमणीला काही विचारू नका, ती प्रतिक्रियेसाठी उपलब्ध नसते.

या कारखान्यावर फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने खटला भरला आणि सरकार बदलल्यावर मार्च 2025 मध्ये तो मागे घेतला. ही बातमी पर्यावरणाच्या पानावर अजिबात नको. अर्थविषयक पानावर एक कॉलम, मथळा: ‘रबर उद्योगाला दिलासा’.