पालथा घडा कसा जपावा

'या पुस्तकानं माझं आयुष्य बदललं' असं म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : म्हणजे नक्की काय बदललं? तो अडखळला, की समजा गडी सुखरूप आहे. तुम्हालाही तसंच सुखरूप राहायचं असेल, तर पुस्तकं टाळायची मुळीच गरज नाही. भरपूर वाचा. फक्त हातात पेन्सिल ठेवा आणि जे आधीपासून तुमच्या मनात होतं, त्याच वाक्याखाली रेघ ओढा. तीनशे पानांत अशी वीस-पंचवीस वाक्यं सहज सापडतात. मग पुस्तक थोर, कारण लेखकाचं तुमच्याशी पटतं.

खरा धोका टिपणवहीचा. चार्ल्स डार्विनला एक वाईट खोड होती. आपल्या सिद्धान्ताला छेद देणारं काही आढळलं, की तो ते ताबडतोब लिहून ठेवायचा. कारण गैरसोयीच्या गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरतात, हे त्यानं स्वतःवरूनच ताडलं होतं. निसर्गानं विसरायची एवढी छान व्यवस्था करून दिलेली असताना ती कागद-शाई खर्चून मोडायची कशाला? बरं, १८३८ मध्ये त्यानं अर्थतज्ज्ञ माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध हाती घेतला, तोही निव्वळ करमणूक म्हणून. त्यातून नैसर्गिक निवडीचा धागा हाती लागला आणि ग्रंथ बाहेर पडेपर्यंत २१ वर्षं गेली. तेव्हा करमणुकीसाठी काय वाचता, तिकडेही लक्ष असू द्या.

जर्मन गणिती गॉटलोब फ्रेगचं तर ऐकवत नाही. अंकगणिताचा पाया तर्कशास्त्रावर रचण्यात त्यानं वर्षानुवर्षं घालवली. १९०२ मध्ये त्यावरच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात असताना तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलचं पत्र आलं : पायातच विसंगती आहे. शहाण्या माणसाला असं पत्र मिळतच नाही. फ्रेगनं मात्र उत्तर धाडलं, वर पुस्तकाला परिशिष्ट जोडून इमारतीचा पाया हलल्याचं स्वतःच सांगून टाकलं. आता काय बोलणार!

माझ्याकडूनही एकदा चूक झाली. एका लेखकाला खोडून काढायचं म्हणून त्याचं अख्खं पुस्तक वाचलं. (खोडून काढायला मलपृष्ठ पुरतं, हे तेव्हा कळत नव्हतं.) पुढं कितीतरी दिवस ऐन वादात मी थांबायचो आणि 'तुझंही बरोबर असेल' म्हणायचो. मित्र काळजीनं तब्येत विचारू लागले. आता बरा आहे. ते पुस्तक कपाटात दर्शनी भागात ठेवलंय. कुणी आलं की दाखवतो आणि सांगतो, यानं माझं आयुष्य बदललं. पुढचा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही.