हाडाला पत्ता असतो हो

बडोदेकरांनो, पोस्ट जरा लांबलीये, चहा घेऊन बसा.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचा पूर ओसरला आणि आमच्या सोसायटीत गाळ उपसायचं काम सुरू होतं, तेव्हा सातवीतली भाची त्या गाळातून एक चपटं हाड घेऊन आली. मारी बिस्किटाएवढं, साधारण चौकोनी, वरून अनारशासारखी जाळी पडलेली आणि मधोमध उंच धार. ताई म्हणाली कासवाचं असेल, आई म्हणाली कुणाचं का असेना, आधी आंघोळीला पळ. मला मात्र बघताक्षणी धस्स झालं. मगरीच्या पाठीवरचे खवले असतात ना, त्यांच्या आत हाडाच्या चकत्या असतात, त्यातली ही एक.

धस्स का, तर मगर शेड्यूल १ मधली, म्हणजे कायद्याने सगळ्यात जास्त संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीतली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३९ सरळ सांगतं की मेलेला सापडलेला वन्यप्राणी आणि त्याचं हाड, शिंग, दात, कातडं सगळं सरकारी मालमत्ता. हातात आलं की ४८ तासांत जवळच्या पोलीस स्टेशनला नाहीतर फॉरेस्टवाल्यांना कळवायचं. लेखी परवानगीशिवाय घरात ठेवलं तर गुन्हा, आणि शेड्यूल १ ला शिक्षा ३ ते ७ वर्षं. "मी मारलं नाही, मला सापडलं" हे चालत नाही. मोरपिसांना सूट आहे म्हणून कृष्णाच्या मुकुटाला कोणी हात लावत नाही, पण मोराचं हाड उचललंत तर तो वेगळा मामला.

आणि मला हा कडकपणा पटतो. हाडावर थोडंच लिहिलेलं असतं की प्राणी म्हातारा होऊन मेला का कोणी फासा लावला? "सापडलं" एवढ्यावर सोडायला लागले तर उद्या प्रत्येक शिकाऱ्याला रस्त्यातच सापडेल.

मी स्वतः हाडं जमवतो, पण बकरी, म्हैस, कुत्रा असली पाळीवच, ती या कायद्यात येत नाहीत. पहिलं म्हशीचं डोकं मी पातेल्यात उकळलं होतं (ते पातेलं बायकोने परत स्वयंपाकघरात घेतलं नाही), चरबी हाडात मुरून पिवळी झाली आणि दात तडकले. मग शहाणपणा करून ब्लीच लावलं तर वर्षभरात पृष्ठभाग खडूसारखा हाताला लागायला लागला. आता साध्या पाण्यात आठवडेच्या आठवडे भिजत ठेवतो, गच्चीच्या लांबच्या कोपऱ्यात, वासाबद्दल शेजाऱ्यांची आधीच माफी मागून. मग कोमट पाणी आणि भांड्याचं लिक्विड, चरबी सुटेपर्यंत पाणी बदलत राहायचं, शेवटी केमिस्टकडचं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सावलीत वाळवणं. हातमोजे हवेतच. आणि ताजं मेलेलं जनावर असेल तर जवळही जाऊ नका, अँथ्रॅक्स (जनावरांकडून माणसाला होणारा जीवघेणा रोग) चेष्टा नाही.

तर त्या चकतीला मी पाणीसुद्धा लावलं नाही. फॉरेस्टवाल्यांना फोन केला. तिथून दुसरा नंबर मिळाला, तिथून तिसरा, तिसऱ्याने विचारलं "जिवंत छे?" (जिवंत आहे का?) नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साहच गेला, पुरात जिवंत मगरी सोसायट्यांमध्ये शिरत होत्या त्यामुळे तेही बरोबरच म्हणा. दोन दिवसांनी एक भाऊ आले, चकती प्लास्टिकच्या पिशवीत टाकली आणि निघाले. पावती नाही, आणि कुठे सापडली, कधी, किती खोल गाळात, एक प्रश्न नाही.

माझी तक्रार आहे ती इथे. हाड घेतलंत ते ठीक, पण त्याचा पत्ता कोण घेणार? कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये ब्लू व्हेलचा सांगाडा आहे, ७० फुटांच्या आसपास, लहानपणी आपण सगळे त्याच्या फासळ्या मोजून आलोय. तो १९४४ च्या पुरात मही नदीच्या मुखाशी आला हे कोणीतरी लिहून ठेवलं म्हणून त्याला गोष्ट आहे, नाहीतर आपल्याला दिसला असता नुसता मोठ्ठा सांगाडा. शहराच्या मधोमध मगरी असलेली नदी आपल्याकडे आहे आणि तिच्या गाळातून आलेल्या हाडाची दोन ओळींची नोंद होऊ नये? एक छापील फॉर्म, सापडल्याची जागा, तारीख, मुलाचं नाव, खाली सही. एवढंच मागतोय.

तोवर माझ्यापुरता नियम असा की वन्यप्राण्याचं वाटलं तर हात लावायचा नाही, शेजारी नाणं ठेवून वरून-खालून फोटो काढायचा, लोकेशन सेव्ह करायचं आणि कळवायचं. भाचीने चकतीचं चित्र वहीत काढलंय, खाली तारीख आणि "सोसायटीचं मागचं गेट, विजेच्या खांबापासून नऊ पावलं".

परवा सासरी गेलो होतो. तिथे भिंतीवर आजेसासऱ्यांच्या वेळचं बिबट्याचं कातडं आहे, त्याचं मालकी सर्टिफिकेट सासऱ्यांनी लॅमिनेट करून ठेवलंय, २००३ मध्ये सरकारने घरातल्या असल्या वस्तूंच्या नोंदणीला १८० दिवस दिले होते तेव्हाचं. मला मोठ्या कौतुकाने दाखवलं. मी विचारलं, बाबा, हा मारला कुठे होता? त्यांनी चष्मा लावून कागद पुढून मागून दोनदा पाहिला.