शंभराच्या आत

ज्या शहरात पोरगं धड चालायला लागायच्या आधी त्याच्या हातात प्लॅस्टिकची बॅट येते, आणि सचिनच्या शंभराव्या शतकासाठी आपण सगळ्यांनी वर्षभर देव पाण्यात घालून ठेवले होते (झालं एकदाचं, १६ मार्च २०१२, मीरपूर), त्याच शहरात मी गेली तीन वर्षं माझे शंभर होऊ नयेत म्हणून धडपडतोय. मी गोल्फ खेळतो. म्हणजे खेळतो असं मी म्हणतो.

हिशोब सोपा आहे. अठरा होल, चांगला खेळणारा माणूस साधारण ७२ फटक्यांत संपवतो. माझा पहिला स्कोर १४१ होता आणि त्यातही चारपाच फटके 'वारा होता' या सबबीखाली मोजले नव्हते. मग १२८, ११९, ११०, आणि गेले आठ महिने १०१ ते १०६ च्या मध्ये अडकलोय, सायन सर्कलला अडकावं तसा. ध्येय एकच, ९९. आईला हे सगळं एकदा समजावून सांगायचा प्रयत्न केला.

"आउट होत नाहीत का यात?"

"नाही."

"दुसरा कोणी बॉल टाकतो का?"

"नाही गं, बॉल जमिनीवर गप पडलेला असतो."

"मग मार की शंभर! अडवलंय कोणी?"

राहतो चेंबूरला. घरापासून चालत जाता येईल इतक्या जवळ बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ सालचा, हिरवागार, पण तिथली मेंबरशिप माझ्या पगाराला झेपणारी नाही त्यामुळे माझा त्याच्याशी संबंध भिंतीबाहेरून. त्याच भागातल्या वस्तीतले काही कॅडी (खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहणारे) आणि त्यांची पोरं गल्लीत गोल्फ खेळतात, लोखंडी सळई वाकवून तिचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, करतात आणि बॉल प्लॅस्टिकचा. एकदा मी उत्साहाने बघायला गेलो तर एका दहाअकरा वर्षांच्या पोराने गटाराच्या या बाजूने मारलेला बॉल, वाळत घातलेल्या चादरीखालून, बरोब्बर पाण्याच्या पिंपाशेजारी नेऊन ठेवला. मग सळई माझ्या हातात दिली. मी मारला तो कोणाच्या तरी पत्र्यावर गेला. पोरगा म्हणाला, "काका, डोकं वर नका करू, बॉल कुठे पळत नाय." पैसे भरून कोचिंग घेतलं तेव्हा पण हेच सांगितलं, फक्त इंग्लिशमध्ये.

सराव घरी. खऱ्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो हे कळल्यावर मी फूटपट्टी घेऊन स्वयंपाकघरातल्या सगळ्या वाट्या पालथ्या घातल्या आणि शेवटी श्रीखंडाच्या सेटमधली एक मोठी वाटी जवळपास त्या मापाची निघाली. ती पॅसेजच्या टोकाला आडवी ठेवायची आणि रात्री जेवणं झाली की पटिंग, म्हणजे बॉल हळूच ढकलून होलात घालणं, सुरू. बॉल आत गेला की टण्ण आवाज होतो. आठवड्याभरात खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि अगदी काळजीने विचारलं, "अहो, तुमच्याकडे रात्री अकरा वाजता रोज कोण वाटी पाडतं? तब्येत बरी आहे ना सगळ्यांची?"

पण खरी गोची वेगळीच होती. आमच्या बिल्डरने पॅसेजची फरशी बसवताना उतार बाथरूमकडे दिलाय, बाथरूम डावीकडे. म्हणजे सरळ मारलेला बॉल डावीकडे वळून थेट बायकोच्या बादलीला जाऊन लागतो. मी हळूहळू शिकलो, वाटीच्या चार बोटं उजवीकडे मारायचा, मग तो गोड वळून आत येतो. दहातले आठ जायला लागले. कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर गेलो आणि होलभोवतीच्या सपाट ग्रीनवर सगळे पट चार बोटं उजवीकडून निघून गेले. आता हाताला वळण लागलंय, सुटत नाही.

स्विंगचा सराव प्लॅटफॉर्मवर, छत्रीने. हे सगळेच गोल्फवाले करतात, यात काही नाही. पण माझी छत्री बटणाची होती आणि बॅकस्विंगमध्ये, म्हणजे ती मागे उचलताना, बटण दाबलं गेलं. मागे उभ्या असलेल्या गृहस्थांचा चहा गेला. त्यांना दुसरा पाजला, दोन्ही चहाचे पैसे दिले, तरी लोकल येईपर्यंत ते माझ्या छत्रीकडेच बघत होते.

रविवारी पहाटे मात्र खरी यात्रा. मेंबर नसलेल्या माणसाला पैसे भरून खेळता येईल असा कोर्स खाडीपलीकडे, त्यामुळे पहाटेची पनवेल लोकल. बॅगेत १४ क्लब न्यायची परवानगी आहे, माझ्याकडे सेकंडहँड नऊ आहेत तरी बॅग माझ्या छातीपर्यंत येते, म्हणून मालडब्यात चढतो. तिथे डॉकयार्डला चढलेल्या मासेवाल्या मावशी असतात, पाट्या घेऊन. पहिल्या दिवशी एकीने बॅगेतून डोकावणारे दांडे बघून विचारलं,

"गळ हायेत काय रे?"

"नाही मावशी, गोल्फ. बॉल मारायचा असतो."

"मग गेल्या टायमाला किती गावले?"

"गावले नाहीत, सात हरवले."

मावशी थोडा वेळ गप्प. मग शेजारणीला म्हणाली, "ऐकलंस काय गो, हा घरनं घेऊन जातो नि तिथं टाकून येतो." मानखुर्दपासून वाशीपर्यंत सगळा डबा हसत होता. तेव्हापासून मला दर रविवारी बसायला जागा मिळते, बॅगेला मात्र कायमचा बोंबलाचा वास लागलाय आणि टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, माझ्या मागे कोणी उभं राहत नाही.

बॉल शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळायची, २०१९ पासून तीनच. नियम करणारे मुंबईचे नसणार पण कळतंय त्यांना, तीन मिनिटांत पुढची गाडी येते. मी मात्र झुडपात वाकून शोधत असताना अॅलन शेपर्डची आठवण काढतो. फेब्रुवारी १९७१, अपोलो १४, हा माणूस चंद्रावर गोल्फ खेळला आणि त्याचाही पहिला फटका बॉलपेक्षा मातीलाच जास्त लागला. लाखो किलोमीटर जाऊन! मी तर फक्त हार्बर लाईनने आलोय.

तर मागचा रविवार. सोबत ऑफिसातला मित्र, ज्याने मला या व्यसनाला लावलं आणि स्वतः आरामात ८५ मारतो. त्या दिवशी काय झालं माहीत नाही, बॉल सरळ जायला लागले. एकही हरवला नाही. मी घाबरून कोणाशी बोलेना. सतरा होल झाल्यावर कार्डावर बेरीज केली, दोनदा केली, मग मित्राकडून करून घेतली. ९४. अठरावा होल चार फटक्यांचा, मला पाच चालणार होते. पाचात संपवला की ९९.

पहिला फटका मस्त. दुसरा गवतात. तिसरा कसाबसा ग्रीनवर. चौथा, म्हणजे लांबचा पट, होलपासून हातभर अंतरावर येऊन थांबला. हातभर! घरचं मांजरसुद्धा पंजाने ढकलेल एवढं अंतर. मी उभा राहिलो, डोळ्यासमोर पॅसेज आला, बादली आली, मनाशी बजावलं की इथे उतार नाही, सरळ मार, सरळ मार. आणि हाताने सवयीने उजवीकडे मारला. चार बोटं नाही, दोन बोटं. बॉल होलच्या उजव्या कडेवर जाऊन थांबला. अर्धा आत लोंबतोय, अर्धा बाहेर, चर्चगेट फास्टच्या दारातल्या माणसासारखा.

नियम १३.३ म्हणतो की बॉल असा कडेला लटकला तर होलपर्यंत चालत जायचं आणि तिथे दहा सेकंद वाट बघायची. तेवढ्यात पडला तर पडला. मी चालत गेलो, जमेल तितका सावकाश. मित्र मोठ्याने मोजायला लागला. मी मनात गणपतीला २१ मोदक बोललो, सातला ५१ केले. नऊ. दहा. बॉल ढिम्म. अकरा. आणि बाराला टुपकन आत.

मी नाचलो. खरंच नाचलो, पुटर हवेत. मित्राने खिशातून मोबाईल काढून नियम वाचून दाखवला, दहा सेकंदांनंतर पडला तर आधीच्या फटक्यात गेला असं धरायचं, पण एक पेनल्टी फटका वाढवायचा. पाच अधिक एक सहा.

"तू भराभर मोजलंस," मी म्हणालो.

"दोन सेकंद मोजायला विसरलोय असं लिहू का कार्डावर?"

नको म्हणालो. लिही. १००.

परत येताना मेगाब्लॉक. स्टेशनवरून मागे फिरून बस धरली, बॅग उभी करून तिला मिठी मारून सायन-पनवेल हायवेवर उभा होतो, कंडक्टरने बॅगेकडे आणि माझ्या तोंडाकडे बघून लगेजचं तिकीट फाडलं नाही, बहुतेक दया आली. तेवढ्यात आईचा फोन.

"काय रे, किती झाले?"

"शंभर," मी म्हणालो, आणि पुढे काही बोलवेना.

"शंभर?" आईचा आवाज एकदम वर गेला. "पूर्ण शंभर? अगं बाई!" आणि फोन कट.

वाशीचा पूल ओलांडेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर सदतीस मेसेज होते. हार्दिक अभिनंदन, शतकवीर, टाळ्या, बॅट, पुन्हा टाळ्या. खालच्या काकांनी लिहिलं होतं, 'आता कळलं रात्री कसला सराव चालायचा.' मी सगळ्यांना हात जोडलेली चित्रं पाठवली. एवढ्या सगळ्यांना आता काय समजावणार.

घरी पोचलो तर बायको दारातच हसत उभी, तिला सगळं माहीत होतं आणि तिने आईला काही सांगितलं नव्हतं. आत ताट वाढलेलं, पुऱ्या, बटाट्याची भाजी, आणि श्रीखंड. बॉल लागून लागून काठाला पोचा आलेली वाटी मुद्दाम माझ्याच ताटात होती.