लठ्ठपणा आणि लहान मुलांचा सोरायसिस: त्या मेसेजबद्दल खुलासा

‘लठ्ठ मुलांना सोरायसिस होतोच, वजन उतरवलं की औषधाशिवाय जातो,’ असा एक मेसेज पालकांच्या ग्रुपांवर फिरतो आहे. सोरायसिस म्हणजे त्वचेवर लालसर, खपल्यांचे चट्टे उठणारा, दीर्घकाळ चालणारा आजार. मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे.

संबंध आहे, हे खरं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सुमारे सात लाख मुलांच्या नोंदींवरचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. लठ्ठ मुलांत सोरायसिस आढळण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी आणि अतिलठ्ठ मुलांत जवळपास ८० टक्क्यांनी जास्त दिसली. आकडे मोठे वाटतात; पण मुळात हा आजार शंभरात एखाद्या मुलालाही क्वचितच होतो. त्यामुळे बहुतेक लठ्ठ मुलांना तो कधीच होत नाही, आणि सडपातळ मुलांनाही होऊ शकतो.

सोरायसिसमागे आनुवंशिकता असते, शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर उलटलेली असते. लहानांमध्ये घशाच्या जंतुसंसर्गानंतरही कधी कधी त्याचे अंगभर बारीक चट्टे उठतात. जादा चरबीतून दाह वाढवणारी रसायनं सुटतात. ती या आगीत तेल ओततात.

वजन आटोक्यात आलं तर त्रास कमी व्हायला मदत होते, पण ते औषधाची जागा घेत नाही. मेसेज वाचून मलम बंद करणं किंवा वाढत्या वयातल्या लेकराला उपाशी ठेवणं, हे मला फार धोक्याचं वाटतं. ‘तुझ्या खाण्यामुळेच झालं’ असं तर त्याला कुणीही सुनावू नये. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हेही शाळेत सांगा.

चट्टे दिसले तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. या आजारात कधी कधी सांधेही धरतात, म्हणून सांधे दुखतात का, तेही त्यांना आवर्जून सांगा.