उरलेलं जग

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांनी परवा 2018 सालच्या एका डॅनिश सरकारी अहवालातला आकडा फिरवला: सुती पिशवी 7,100 वेळा वापरली, तरच ती प्लास्टिकपेक्षा पर्यावरणाला परवडते. म्हणजे प्लास्टिकबंदी हा मूर्खपणा, असं त्यांचं म्हणणं. मी युरोपात असले जीवनचक्राचे, कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतचे हिशेब करूनच पोट भरतो. साहजिकच सगळे माझ्याकडे वळले.

अहवाल खोटा नाही. पण नुसता हवामानबदल धरला तर तोच आकडा 52 होतो. 7,100 पर्यंत तो चढतो मुख्यतः ओझोन थराची हानीही मोजल्यामुळे. शिवाय हिशेब डेन्मार्कचा. तिथं प्लास्टिकची पिशवी शेवटी कचऱ्याच्या डब्यात लावतात, मग ती भट्टीत जळून वीज आणि उष्णता देते. उघड्यावर पडणारी पिशवी त्या हिशेबात जवळजवळ नाहीच. आपलं तर भांडणच तिच्यावरून आहे.

उसना आकडा नको, कबूल. पण आपला कुठाय?

स्वित्झर्लंडचा इकोइन्व्हेंट डेटाबेस, म्हणजे असल्या हिशेबांना लागणाऱ्या आकड्यांचं कोठार, मी रोज उघडतो. प्रत्येक प्रक्रियेपुढे प्रदेशाचा कोड असतो. भारतातली वीज सापडते. एखादं रसायन शोधावं, तर बऱ्याचदा 'आरओडब्ल्यू' समोर येतं, म्हणजे उरलेलं जग. ती सरासरी पुष्कळदा दुसरीकडच्याच कारखान्यांवरून ताणलेली असते. मी ती मुकाट निवडतो आणि तळटीप टाकतो. तळटीप कोण वाचतं?

पोलादासारख्या आयात मालावर त्याच्या उत्सर्जनानुसार बसणाऱ्या युरोपच्या कार्बन सीमाकराला, सीबॅमला, आपल्याकडे वसाहतवाद म्हणतात. दोनशे वर्षं धूर सोडून झाल्यावर हे नियम लिहायला बसले. इथल्या बैठकांतला साळसूदपणा मलाही खुपतो. पण 1 जानेवारी 2026 पासून पूर्ण लागू झालेल्या या नियमात एक तरतूद आहे: कारखान्याने स्वतःची मोजमापं दिली नाहीत, तर नेमून दिलेला आकडा लागतो, तोही वाढवून. चांगली भट्टी चालवणाराही कागदाअभावी मळका ठरतो.

जीवनचक्राच्या हिशेबांसाठी संयुक्त राष्ट्रांचा लाइफ सायकल इनिशिएटिव्ह हा उपक्रम 2002 पासून आहे, पद्धतही आयएसओ 14040 या आंतरराष्ट्रीय मानकाची, सगळ्यांना एकच. रकाने मात्र ज्याचे त्याने भरायचे. डिसेंबर 2024 मध्ये आपल्या पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची व्याख्या केली: तयार पोलादाच्या टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी उत्सर्जन. मर्यादा सैल आहे असं माझं मत. तरी वाद घालायला निदान आपला आकडा झाला.

काकांना 52 पाठवलाय. अजून उत्तर नाही.