दिवा म्हणतो पातळ, प्लग म्हणतो जाड: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

२८ वर्षं गॅरेज चालवल्याचं तुम्ही लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या आक्षेपांपैकी एक पूर्ण बरोबर आहे, एक अर्धा बरोबर आहे आणि एक मला मान्य नाही.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्याचा कोड आला, तरी लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नका, आधी फ्युएल ट्रिम बघा' असं मी लिहिलं होतं. ऑक्सिजन सेन्सर धुरात उरलेला ऑक्सिजन बघतो, त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये जितके टक्के वाढ (+) किंवा घट (-) करतो, तो फ्युएल ट्रिम. त्यावर काकांचं म्हणणं असं: सेन्सर बदलल्यावर दिवा गेल्याच्या कितीतरी गाड्या त्यांनी पाहिल्यात. आकड्यांपेक्षा स्पार्क प्लगचा रंग खरं बोलतो. व्हॅक्यूम लीक (इंजिनात हवा जाण्याच्या वाटेवर फट) असेल तर आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, ट्रिम चढतो हा माझा नियम त्यांच्याकडे आलेल्या वॅगनआरवर साफ खोटा ठरला, कारण होज (रबरी नळी) फाटलेला असूनही ट्रिम होता फक्त +३. आणि असले लेख वाचून गिऱ्हाइकं गॅरेजात येऊन वाद घालतात.

आधी वॅगनआर, कारण तिथे चूक माझी आहे.

मी लिहिलेला नियम हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या, म्हणजे मॅफ असलेल्या गाड्यांचा आहे. तिथे एअर फिल्टरच्या पुढे बसलेला सेन्सर आत जाणारी हवा मोजतो आणि कॉम्प्युटर त्या हिशेबाने पेट्रोल देतो. सेन्सरच्या पुढे कुठे होज फाटला तर तिथून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. पेट्रोल कमी पडतं, ऑक्सिजन सेन्सर ओरडतो आणि कॉम्प्युटर ट्रिम वाढवत जातो. आयडलला एकूण हवाच थोडी असते, त्यामुळे या चोरट्या हवेचा वाटा मोठा ठरतो. २५०० आरपीएमला तोच वाटा नगण्य होतो आणि ट्रिम खाली येतो.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मात्र मॅफ नसतोच, मॅप असतो. तो हवा मोजत नाही, इनटेक मॅनिफोल्डमधलं, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधलं प्रेशर मोजतो. होज फाटला की मॅनिफोल्डमधलं प्रेशर वाढतं. कॉम्प्युटरच्या लेखी जास्त प्रेशर म्हणजे जास्त हवा, म्हणून तो पेट्रोलही वाढवतो. चोरून आलेली हवा अशी आपोआप हिशेबात धरली जाते. मिश्रण जवळपास बरोबर राहतं, ट्रिम शून्याच्या आसपास राहतो आणि बिघाड दुसरीकडून डोकं वर काढतो: आयडल चढतो. तुमच्या वॅगनआरचा आयडल ११०० ला अडकला होता असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा स्कॅनरवर मॅनिफोल्ड प्रेशर पाहिलं असतं, तर मला वाटतं ते नेहमीच्या तीस-पस्तीस किलोपास्कलऐवजी पंचेचाळीसच्या पुढे दिसलं असतं. मूळ लेखातला तो परिच्छेद मी आज बदललाय.

मॅपवरून आठवलं. त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी एक फुकटची परीक्षा घेता येते. चावी ऑन करायची, इंजिन सुरू करायचं नाही आणि आकडा वाचायचा. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, त्यामुळे तो आकडा गावच्या हवेच्या दाबाइतका यायला हवा. मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या जवळ, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. पुण्यात उभ्या गाडीने ८५ दाखवलं, तर सेन्सर खोटं बोलतोय आणि त्याच्यावर आधारलेला पुढचा सगळा हिशेब फसवा आहे. पसरणी घाट चढून गेलेली कार्बोरेटरची पद्मिनी गाडी वर जड का व्हायची, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. हवा विरळ झालेली आणि कार्बोरेटरचा पेट्रोल सोडणारा जेट मात्र वाईचाच. आता विरळ हवेचा तो हिशेब मॅप ठेवतो.

आता प्लग. इथे तुम्ही अर्धे बरोबर आहात, आणि तो अर्धा भाग माझ्या लेखात यायला हवा होता.

कार्बोरेटरच्या काळात प्लग हाच स्कॅनर होता. बिस्किटाच्या रंगाचा असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर पातळ, काजळी धरलेला असेल तर जाड, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजेक्शनच्या गाडीत फरक असा पडलाय की कॉम्प्युटर मिश्रण सतत दुरुस्त करत असतो. होज फाटून ट्रिम +१८ ला गेला तरी, दुरुस्ती जमतेय तोवर प्लग बिस्किटाच्या रंगाचाच राहील. म्हणजे बिघाड आहे, पण प्लगवर दिसत नाही. ट्रिम नेमकं हेच दाखवतो: कॉम्प्युटरला किती ओढाताण करावी लागतेय ते.

उलट ट्रिमचीही एक आंधळी बाजू आहे. चारही सिलिंडरचा धूर मिळून एकाच सेन्सरवर जातो, त्यामुळे ट्रिम ही सरासरी असते. एकच इंजेक्टर टपकत असेल तर ट्रिम थोडा उणे जाईल, पण कुठला सिलिंडर ते सांगणार नाही. चार प्लग काढून ओळीने ठेवले आणि तिसराच काळा निघाला, तर काम तिथेच संपलं. म्हणून मी आता असं म्हणेन की दोन्ही बघा, आणि दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील तर आनंद माना. उत्तर बहुतेक त्या विरोधातच असतं. यावरची एक घडलेली गोष्ट सांगतो. सेन्सर बदलल्यावर दिवा जातो, या मला मान्य नसलेल्या आक्षेपाचं उत्तरही तिच्यातच आहे.

माझा मामेभाऊ चिपळूणला असतो. सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. दिवा लागला, ॲव्हरेज १७ वरून १२ वर आलं, गाडीमागे उभं राहिलं की पेट्रोलचा वास. गॅरेजात स्कॅनर लावला, पी ०१७१ आला, ऑक्सिजन सेन्सर बदलला, दिवा गेला. बाराव्या दिवशी पुन्हा लागला. मग सांगितलं की पेट्रोल पंप कमजोर झालाय, तोही बदलू. तेवढ्यात दिवाळी आली आणि तो गाडी घेऊन पुण्याला माझ्याकडे आला.

इंजिन गरम करून आकडे घेतले. आयडलला लाँग टर्म ट्रिम (कॉम्प्युटरने शिकून लक्षात ठेवलेली दुरुस्ती) +२३, शॉर्ट टर्म (त्या क्षणाची दुरुस्ती) +४. २५०० आरपीएमला लाँग टर्म +१४. पंप कमजोर असता, तर लोड वाढवल्यावर ट्रिम वर जायला हवा होता, इथे तो खाली येत होता. पंपावरचा संशय तिथेच फिटला. आयडल ७५० ला स्थिर, मॅनिफोल्ड प्रेशर ३३. म्हणजे इनटेककडून चोरटी हवा ओढली जात नव्हती. मग प्लग काढले. चारही काळे, बोटाला काजळी लागेल असे.

कॉम्प्युटर म्हणतोय पेट्रोल कमी पडतंय, आणि प्लग म्हणतायत पेट्रोल ओतलं जातंय. काका, तुमच्या पद्धतीने नुसता प्लग पाहून इंजेक्टर किंवा प्रेशर रेग्युलेटरवर बोट ठेवलं असतं. माझ्या पद्धतीने नुसता ट्रिम पाहून पातळ मिश्रणाची कारणं शोधली असती. दोन्ही चुकलं असतं.

ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजतच नाही. जळून बाहेर पडलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरलाय, एवढंच त्याला कळतं. खूप उरला असेल तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास दाखवतो, उरलाच नसेल तर ०.९ च्या आसपास. तो ऑक्सिजन आला कुठून, हे त्याला कळायला मार्गच नाही. पेट्रोल कमी पडल्याने उरला असेल. एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल आणि त्यातली हवा न जळताच बाहेर आली असेल. किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल. शेवटचं लोकांना पटत नाही, कारण एक्झॉस्टमधून धूर बाहेर येतो, हवा आत कशी जाईल? पण धूर सलग येत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी पाइपमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. आयडलला हे सगळ्यात जास्त होतं. सेन्सरला ती हवा दिसते, तो 'पातळ' म्हणतो, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, आणि मुळात ठीक असलेलं मिश्रण खरोखर जाड होऊन बसतं. प्लग काळे, ॲव्हरेज बुडालं, वास, आणि कोड मात्र पातळचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन सुरू केलं आणि बॉनेट उघडून कान दिला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडून बारीक टिकटिक येत होती. चार-पाच मिनिटांत धातू तापून फुगला आणि आवाज गेला. उष्णतेचं पत्र्याचं आवरण काढल्यावर हेडच्या बाजूच्या पॅकिंगवर काजळीचा पट्टा दिसला. पॅकिंग आणि दोन गंजलेले स्टड बदलले. दोनशे किलोमीटर चालवल्यावर लाँग टर्म ट्रिम +३ वर आला. सेन्सर त्यात दोषी नव्हताच. जुना सेन्सर त्याने डिकीत ठेवला होता, तो मी परत लावून पाहिला. तोही ठणठणीत निघाला.

मग नवा सेन्सर लावल्यावर बारा दिवस दिवा का गेला होता? कारण सेन्सर बदलताना मेकॅनिक कोड पुसतो, आणि कोडसोबत कॉम्प्युटरने शिकलेला लाँग टर्म ट्रिमही पुसला जाऊन शून्यावर येतो. पुढे तो पुन्हा हळूहळू चढतो, मर्यादा ओलांडतो, साधारण लागोपाठच्या दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला की दिवा लागतो. मधले दिवस म्हणजे दुरुस्ती नव्हे. तुमच्या गाड्यांपैकी काहींचे सेन्सर खरंच गेलेले असतील, लाख-सव्वा लाख किलोमीटरनंतर ते सुस्तावतातच. पण बाकीच्यांचं पुढे काय झालं, हे तुम्हालाही कळलं नसेल. दिवा दुसऱ्यांदा लागला की माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या गॅरेजात जातो.

सेन्सर खरा की खोटा, हे ठरवायला पाच मिनिटं लागतात. इंजिन गरम असताना रेस वाढवून एकदम सोडा, म्हणजे कॉम्प्युटर क्षणभर पेट्रोल तोडतो: व्होल्ट झटकन ०.२ च्या खाली यायला हवेत. मग रेस एकदम द्या: व्होल्ट ०.८ च्या वर उडायला हवेत. दोन्हीकडे चटकन गेला, तर त्याला हात लावू नका. रेंगाळला किंवा मधेच अडकला, तर तुमचं म्हणणं बरोबर, बदला. नव्या गाड्यांतल्या वाइडबँड सेन्सरला ही परीक्षा अशीच्या अशी लागू नाही, तिथे स्कॅनरवर लॅम्ब्डाचा आकडा (१ म्हणजे बरोबर मिश्रण, वर पातळ, खाली जाड) १ च्या कुठल्या बाजूला जातो ते बघावं लागतं.

जाड मिश्रणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून एकच सांगतो: रात्रभर उभ्या गाडीत सकाळी चावी ऑन करून कूलंटचं आणि इनटेक हवेचं तापमान वाचा. दोन्ही जवळपास सारखं यायला हवं. इंजिन गरम झाल्यावरही कूलंट तीस अंशावरच अडकलेलं दिसलं, तर कॉम्प्युटर गाडीला थंड समजून पेट्रोल ओततोय.

सीएनजीच्या गाड्यांबद्दल मात्र तुमच्याकडूनच ऐकायला आवडेल, तुमच्याकडे किट बसवलेल्या गाड्या खूप येतात म्हणून. माझी पद्धत अशी: एकाच आरपीएमवर आधी पेट्रोलवर ट्रिम घ्यायचा, मग स्विच गॅसवर टाकून दोन मिनिटांनी पुन्हा घ्यायचा. पेट्रोलवर +२ आणि गॅसवर +१८ आला, तर इंजिनात काही शोधू नये. रिड्यूसरचं (गॅसचा दाब उतरवणाऱ्या भागाचं) प्रेशर, गॅस फिल्टर, गॅस इंजेक्टर आणि किटचं मॅपिंग (गॅस किती सोडायचा याचं सेटिंग) बघावं. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसवर शिकलेला ट्रिम पेट्रोलवरही चिकटून राहतो, आणि मग लोक म्हणतात पेट्रोलवर पिकअप गेला. आणखी एक, पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, त्यामुळे १० टक्क्यांवर बेतलेल्या गाडीत ट्रिम तीन-चार टक्क्यांनी वर राहणं हा दोष नाही. तेवढ्यावरून कुणी वाद घालायला आलं, तर त्यांना हा परिच्छेद दाखवा.

वाद घालणाऱ्या गिऱ्हाइकांचं तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. कुणी माझा लेख मोबाइलवर उघडून तुमच्यासारख्या माणसाला शिकवायला यावं, यासाठी मी लिहीत नाही. पण मामेभावाच्या गॅरेजवाल्यालाही मी नुसता दोष देणार नाही. त्याने तासभर कान लावून, प्लग काढून निदान केलं असतं आणि त्याची मजुरी मागितली असती, तर माझ्याच भावाने 'नुसतं बघण्याचे पैसे?' म्हणून कुरकुर केली असती. नव्या पार्टचे हजारो रुपये त्याने मुकाट्याने दिले. हे आपण गिऱ्हाइकांनी बदलायला हवं. लेखाच्या शेवटी आता मी तसं स्पष्ट लिहिलंय: निदानाचा तास वेगळा धरा आणि त्याचे पैसे द्या.

तुमच्या गॅरेजात पद्मिनीच्या दिवसांपासूनचे प्लग एका डब्यात जपून ठेवलेत, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ते पांढऱ्या कागदावर ठेवून, उन्हात फोटो काढून पाठवाल का? पुढच्या लेखात लावतो, प्रत्येकाखाली गाडी आणि तेव्हाचा दोष तुमच्याच शब्दांत. आणि ती वॅगनआर पुन्हा सर्व्हिसला आली, तर आयडलचं मॅनिफोल्ड प्रेशर तेवढं बघून कळवा. माझा पंचेचाळीसचा अंदाज चुकला असेल तर तेही इथेच लिहीन.