चक्क्यावरचा पंप

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी आमचे घर आहे आणि त्या घराच्या गॅरेजात १९७७ सालची, दोन दारांची, आठ सिलिंडरची एक अमेरिकन मोटार उभी असते. 'उभी असते' हे शब्द मी विचारपूर्वक वापरले आहेत, कारण ती धावते कमी. तिची कंपनी कोणती हे मात्र सांगत नाही. पुढे जे घडले त्यात कंपनीचा काडीचाही दोष नव्हता, तो संपूर्णपणे माझा होता.

या गाडीच्या इंजिनावर, सोललेल्या नारळाएवढा, पट्ट्यावर फिरणारा एक पंप आहे. जनरल मोटर्सच्या भाषेत या व्यवस्थेला 'एअर इंजेक्शन रिॲक्टर' म्हणत, फोर्डने तिचे नाव 'थर्मॅक्टर' ठेवले आणि मेकॅनिक मंडळी दोन्हींना सरसकट 'स्मॉग पंप' म्हणतात. बाहेरची ताजी हवा ओढून ती एक्झॉस्टच्या तोंडाशी, जिथे धूर अजून तापलेला असतो तिथे सोडायची, एवढेच त्याचे काम. म्हणजे इंजिनात अर्धवट जळलेले पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तिथल्या तिथे जळून जातात. चुलीत लाकूड धुमसू लागले की फुंकणीने फुंकर घालावी, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे फुंकणारी बाई इंजिनाच्याच जिवावर फुंकते, आणि माझ्या गाडीतली तर फुंकताना कुरकुरतही होती.

त्या कुरकुरीपासूनच सगळे सुरू झाले. माझा एक मित्र आहे, त्याच्याकडे १९७४ सालची गाडी आहे, आणि कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी माफ असल्यामुळे तो या विषयावर अत्यंत निर्भयपणे बोलतो. त्याने बॉनेटखाली डोकावून निदान केले, "काढून टाक. हा पंप इंजिनाची ताकद खातो. आणि धूरबीर काही साफ करत नाही. दूधवाला दुधात पाणी घालतो तसा धुरात हवा घालतो, म्हणजे तपासणीत आकडे कमी दिसतात." दूधवाल्याची उपमा ऐकताच माझ्यातल्या मराठी माणसाला ते तत्काळ पटले. हवा धुरात नुसती मिसळत नाही, धूर तिच्यामुळे खरोखरच जळतो, आणि तपासणीचे यंत्र असल्या पातळपणाचाही हिशेब करते, हे मला नंतर कळले; पण नंतर कळण्याचा उपयोग लेख लिहिण्यापुरताच असतो.

एका शनिवारी आम्ही पंप उतरवला, त्याच्या नळ्या काढल्या, एक्झॉस्टची भोके पितळी बुचांनी बंद केली आणि आखूड पट्टा चढवला. नंतर मी गाडी डोंगराच्या रस्त्यावर घेतली आणि तिच्यात नवे रक्त संचारल्याचे मला स्पष्ट जाणवले. असा पंप फार तर दोनचार अश्वशक्ती खातो, हे मी पुढे वाचले. गाडी धुतल्यावरही ती मला अधिक पळते असे वाटते, ही बाब मात्र मी त्या दिवशी मित्रापासून लपवून ठेवली. पंप दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून मी गॅरेजच्या फळीवर ठेवला.

आमच्या गॅरेजच्या दारातून डोंगर दिसतात, आणि ते दिसतात हीच खरी बातमी आहे. जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर असे डोळे झोंबणारे धुके उतरले की हा जपानचा विषारी वायूचा हल्ला आहे, असे अनेकांना वाटले. डोंगर आणि वरचा उबदार हवेचा थर यांच्यामध्ये शहराचा धूर झाकण लावलेल्या पातेल्यासारखा कोंडून राहतो. हल्लेखोर जपान नसून सूर्यप्रकाश आणि मोटारींचा धूर यांची युती आहे, हे पुढे पॅसाडेनाच्या कॅलटेकमधल्या आरी हाखन-स्मित या डच रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढले, आणि हे गृहस्थ तोपर्यंत अननसाच्या वासातली रसायने हुडकण्यात गुंतलेले होते. १९६६ पासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांवर धूर आवरणारी साधने आली ती या वाटेने, आणि माझा कुरकुरणारा पंप त्यांचाच वंशज. अननस सोडून माणूस धुराच्या मागे लागतो आणि माझ्यासारखा इसम त्याची कमाई शनिवारच्या दोन तासांत उतरवून फळीवर ठेवतो.

नोंदणीचे पत्र दरवर्षी येते, पण दर दोन वर्षांनी त्यात एक अट असते, आणि यंदा फेब्रुवारीत ती आली: धुराची तपासणी करा, मगच नूतनीकरण. आपल्याकडे पीयूसीसाठी पेट्रोल पंपाजवळच्या गाडीशी थांबतात, सायलेन्सरमध्ये नळी जाते आणि चहा संपण्याआधी कागद हातात पडतो; इथे मात्र माझ्या गाडीच्या वयाची गाडी चाकांखाली फिरणाऱ्या रुळांवर चढवून जागच्या जागी पंधरा आणि पंचवीस मैलांच्या वेगाने पळवतात. आकडे तर कसेबसे जमले. मग त्या तरुणाने बॉनेट उघडले, आतल्या चिकटपट्टीवरची साधनांची यादी वाचली, रिकाम्या ब्रॅकेटकडे पाहिले आणि अतिशय सभ्यपणे विचारले, "पंप कुठे आहे?" मी म्हणालो, "घरी आहे." शाळेत वही घरी विसरल्याचे सांगताना जो आवाज निघत असे, तोच निघाला. प्रगतिपुस्तकासारख्या त्या कागदावर पंपापुढे 'गैरहजर' अशा अर्थाचा शेरा पडला आणि गाडी नापास झाली.

घरी येऊन पाहतो तो फळीवर पंप नाही. गॅरेज पालथे घातले, पत्नीला विचारले, मित्रावर मनातल्या मनात आळ घेतला. अखेर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्यावर पातेले, पातेल्यावर चाळणी, चाळणीत फडक्यात बांधलेले दही, त्यावर ताटली आणि त्या ताटलीवर, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, माझा पंप बसलेला होता. महिन्यासाठी साताऱ्याहून आलेल्या आईने नातवासाठी श्रीखंड करायला घेतले होते. "अरे, तुमच्या स्वयंपाकघरात फडकं टांगायला एक खुंटी नाही," ती म्हणाली, "मग वजन तरी नको का? हे बरं आहे, पाटा-वरवंट्यासारखं जड आणि खाली सपाट. काय आहे ते?" मी म्हणालो, "हवा साफ करायचं यंत्र आहे." तिने एकदा पंपाकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि चक्का अजून चार तास सुटायचा आहे, एवढेच सांगितले.

पंप चढवणे हे उतरवण्याच्या उलटे असते, असे दुरुस्तीच्या पुस्तकांत लिहितात. पुस्तकांना गंज माहीत नसतो. पितळी बुचांपैकी एक निघताना मोडले आणि त्याचा अर्धा तुकडा बाहेर काढण्यात एक रविवार गेला. नळीतली एकमार्गी झडप एकाच बाजूने फुंकर जाऊ देते की नाही हे तोंडाने फुंकून तपासतात. ती बिघडली तर तापलेला धूर उलटा फिरून पंपच जाळतो. मी चुकीच्या टोकापासून सुरुवात केली आणि जेवणाच्या टेबलावर काजळीच्या मिशा घेऊन बसलो. पंप हाताने फिरवला तर जात्यासारखी घरघर झाली. त्यात तेल घालू नये, आतली पाती बिघडतात, हे या वेळी मी मित्राला विचारण्याऐवजी आधी वाचले.

एक बारीक व्हॅक्यूमची नळी तेवढी जोडायची राहिली. चालकाने पाय एकदम उचलला की पंपाची हवा धुरात न सोडता बाहेर वळवणारी एक झडप असते आणि ती या नळीच्या ओढीवर चालते. नळी नसेल तर न जळलेले पेट्रोल आणि ताजी हवा सायलेन्सरमध्ये भेटतात. ती भेट आमच्या शांत गल्लीच्या उतारावर, सकाळी आठ वाजता, सुतळी बॉम्बच्या आवाजात झाली. समोरच्या घरातले वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्रासह खाली बसले. आईने खिडकीतून विचारले, "आज काय आहे रे इथं?"

नळी जोडली, पुन्हा रुळांवर गेलो. तोच तरुण, तेच बॉनेट. पंप कुरकुरत होता, पण हजर होता. आकडे गेल्या खेपेपेक्षा चांगलेच खाली आले होते, आणि मी त्या कागदाचा फोटो काढून १९७४ च्या गाडीवाल्याला पाठवला. त्याचे उत्तर आले नाही.

आईने दाखला चष्मा लावून उलटसुलट पाहिला. "पास झाली ना? बरं झालं," ती म्हणाली. "पुढची परीक्षा कधी?"

"दोन वर्षांनी."

"मग तो पंप काढून दे मला. परवा पाडवा आहे."